माळवदाची माती

१

महांतेशच्या खोलीत एकच कायदा होता. तार छेडली की तिचा आवाज पार विरेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. शिवानी, त्याची बायको, चहा घेऊन आली तरी कप हातात धरून उंबऱ्यावर थांबायची आणि आवाज संपला की म्हणायची, "झाला का तुमचा देव जेवून?"

लातुरात घरामागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत महांतेश वीस वर्षं तानपुरे, सतारी आणि भजनी मंडळांच्या वीणा दुरुस्त करत होता. खोलीला वर स्लॅब, एक दार, आणि एक खिडकी होती ती शेजारच्या पिठाच्या गिरणीपायी विटा लावून बुजवलेली. हत्यारं मोजकीच, पण कान असा तिखट की गल्लीतल्या स्कूटरचा कुठला नट ढिला आहे हे आत बसून सांगायचा. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचाच: "ऐकू येतं तिथं खोट नसते." भणभण, तारा टेकतात त्या घोडीतून येते असं वाटतं आणि खोट निघते वर, खुंटीत. लाकूड आवाज उचलतं आणि भलत्याच ठिकाणी नेऊन टाकतं. नुसत्या कानावर विसंबला तो फसला.

आणि आता तोच फसत होता. नांदेडच्या उज्वलाताईंचा तानपुरा येऊन सहा दिवस झाले होते. गाणं शिकवून केस पिकवलेली बाई, दोन बोटांत सगळा तानपुरा ओळखणारी. वाद्य जुनं, देखणं, पण शेवटची खर्जाची तार छेडली की सुराच्या मागून एक बारीक, कोरडी भणभण यायची. महांतेशनं घोडी घासली, तिच्या माथ्याची जवारी परत लावली, तारांखालचे रेशमी दोरे बदलले, मणी काढून बघितले, खुंट्यांना खडू लावला, भोपळ्याचा सांधा लाखेनं भरला, भोपळ्याला मागून जुन्या दुरुस्तीचं भोक होतं त्यातून तबलीला, भोपळ्यावरच्या फळीला, खालून नमद्याचा लोकरी तुकडा चिकटवला, मग बुचाचा, मग सायकलच्या ट्यूबचा. भणभण जागची हलली नाही. नाकी नऊ आले.

"आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी चाललंय तुमचं," शिवानी म्हणाली.

"तू जा बरं इथून," तो म्हणाला. सहा दिवसांत तो तिच्याशी सरळ बोलला नव्हता.

शनिवारी सकाळी उज्वलाताईंचा फोन आला. "महांतेश, पुढच्या शनिवारी कार्यक्रम हाय. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बसणार मी. गळा पहिल्यासारखा राहिला न्हाई रे, मला टेकायला सूर स्वच्छ पाहिजे. तानपुरा भणभणला तर मी भर सभेत उघडी पडते. तुला जमत नसेल तर मोकळेपणानं सांग. मी मिरजेला पाठवते."

"मिरजेला कशाला, ताई? शुक्रवारी चारला या. तयार असंल."

फोन ठेवला आणि त्यानं समोरच्या स्टुलाला लाथ घातली. मिरजेचं नाव त्याला झोंबलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठं एक होतं. आवाज कुठून येतो हे सांगायला आयुष्यात तो एकदाच चुकला होता, आणि त्याला दुसऱ्यांदा चुकायचं नव्हतं.

२

विचार करता करता त्याला वाटलं, खोट सापडत नाही कारण खोलीच शांत नाही. गिरणी चालू झाली की फरशी थरथरते, फरशीनं बाक थरथरतो, बाकानं तानपुरा. आधी ही उसनी थरथर मुरवायला पाहिजे. जड, मऊ, थरथर पिऊन टाकणारी गादी पाहिजे. त्यानं वाळूचं पोतं करून बघितलं, तर वाळू स्वतःच कुरकुरायची. लाकडाचा भुसा हलका पडला. नव्या उशीनं तर आवाजच मेला.

तेव्हा त्याला माळवद आठवलं.

किल्लारीचं त्यांचं जुनं घर माळवदाचं होतं. लाकडी खांब, वर तुळया, वर फळ्या, आणि त्यावर दोन-दोन हात पांढरी माती. दरसाल तिच्यावर नवा थर पडायचा. उन्हाळ्यात खाली गारवा, आणि आवाज म्हणाल तर शून्य. वर पोरांनी कितीही धुडगूस घातला तरी खाली आईला पत्ता नसायचा. खालून मारलेली हाकही वर जायची नाही. म्हणून त्याची मोठी बहीण, महादेवीअक्का, जेवायला बोलवायचं असलं की खालून खांबावर पळीच्या दांड्यानं तीन ठोके मारायची. माती हाक गिळायची, पण लाकूड ठोका वर पोचवायचं. तळपायाला टक, टक, टक लागलं की महांतेश धावत खाली यायचा.

रविवारी त्यानं किल्लारीची बस धरली. चुलता बसवंतकाका नव्या गावात राहत होता, भूकंपानंतर वसवलेल्या. काकाकडे चहा पिऊन महांतेश एकटाच जुन्या गावठाणाकडे गेला. तिथं आता बाभळी आहेत, दगडांचे ढीग आहेत आणि कुणाचं घर कुठलं हे ज्याचं त्यालाच कळतं. त्याला कळलं. बाभळीखाली माती भुसभुशीत होती, तिथून त्यानं पोतं भरलं, आणि ते खांद्यावर घेऊन परत काकाच्या दारात आला.

काकानं पोत्याकडे बघितलं. "म्हांता, तिथली माती कुणी घरात नेत न्हाई."

"कामून?"

"कामून म्हंजे? नेत न्हाईत. इतकी घरं बांधली ह्या गावात, एकानं तरी तिथलं ढेकूळ आणलं का बघ."

"काका, गादीला पाहिजे. वाद्याखाली ठेवायला. माती ती माती."

काकानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, "कुठल्या कोपऱ्यातली घेतलीस?"

"बाभळीखालची."

"ती दिवळीची बाजू," काका म्हणाला, आणि तांब्या उचलून आत गेला. बस येईपर्यंत तो बाहेर आला नाही.

३

मातीनं मात्र कमाल केली. महांतेशनं ती वस्त्रगाळ चाळली, दुहेरी मांजरपाटाची गादी शिवून तिच्यात भरली, तोंड दोनदा शिवलं आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, त्याच्या बसायच्या जागी, बाकावर ठेवली. तिच्यावर तानपुरा आडवा निजवला. खर्ज छेडला.

भणभण नव्हती. सूर असा उठला की त्याचा हात तारेवरच राहिला. भरीव, गोल, आणि त्याच्या आतून निघणारे बारीक सूर एकेक वेगळे मोजता यावेत असे. वीस वर्षांत त्याच्या हातून असं वाद्य बोललं नव्हतं. त्याला चक्क रडू आलं.

पण तानपुरा गादीवरून उचलून मांडीवर उभा धरला की भणभण परत. मग त्यानं युक्ती केली. त्याच मातीची चिंचोक्याएवढी पुरचुंडी बांधली, तबलीला बोटांनी ठोकत ठोकत ती कुठं जास्त थरारते ते शोधलं, आणि तिथं मागच्या भोकातून, आतल्या बाजूनं, लाखेनं पुरचुंडी बसवली. कार्यक्रमात काही गादी नेता येणार नव्हती. आता तानपुरा मांडीवरही तसाच बोलू लागला.

उज्वलाताईंना त्यानं फोनवर ऐकवला. त्यांनी परत एकदा छेडायला लावला. मग त्या म्हणाल्या, "महांतेश, हा माझाच हाय का रे?"

"तुमचाच, ताई."

"सुंदर वाजायलाय. पण मागं काहीच ऐकू येईना. तुझी ती गिरणी बंद हाय का आज?"

महांतेशनं मान वर केली. भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती. गिरणी चालू होती. तिचा आवाज तेवढा येत नव्हता.

४

मंगळवारी त्याच्या हातून पटाशी पडली. लोखंडाची, फरशीवर, कंबरेएवढ्या उंचीवरून. पडली ती दिसली, एक उडी मारून लोळली तीही दिसली. आवाज आला नाही.

त्यानं ती उचलून मुद्दाम परत टाकली. नाही. वाटीवर पळी मारली तर कापडात गुंडाळून मारल्यासारखा एक ठप्प. आपल्याच कानात बिघाड झाला असणार, त्याला वाटलं, आणि कान गेला तर त्याच्याकडे उरतं काय? तो तडक कानाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ह्या वयात इतके तल्लख कान मी बघितले नाहीत, उगं पैसे घालवू नका. येताना रस्त्यावर त्याला सगळं ऐकू येत होतं. रिक्षा, भाजीवाला, गिरणीचा पट्टासुद्धा. खोलीचा उंबरा ओलांडला की सगळं बंद.

तानपुरा तेवढा वाजत होता, आणि दररोज आदल्या दिवसापेक्षा गोड.

बुधवारी तो काम करत असताना कुणीतरी खांदा हलवला. शिवानी होती. तिचे ओठ हलत होते आणि आवाज गोधडीआडून आल्यासारखा येत होता. तिनं त्याला हाताला धरून बाहेर ओढलं.

"कवाची हाक मारून राहिले मी. जेवण गार झालं."

"ऐकू आलं न्हाई."

"ऐकू कसं येईल? ओ, मी एक सांगू का? त्या खोलीत माझ्या बांगड्या वाजत न्हाईत." तिनं हात हलवून दाखवला. बाहेर बांगड्या किणकिणल्या. "मी न्हाई आता आत यायची. काय आणून ठेवलंय तुम्ही तिथं?"

"माती हाय. माती आवाज पिते, त्यात काय नवल? तेच तर पाहिजे होतं मला."

"तानपुऱ्याखाली ठेवलेली माती बांगड्यांचा आवाज कामून पिते?"

तो चिडला. खामखा काहीतरी काढू नको, म्हणाला. पण जेवताना घास गोड लागला नाही.

आणखी एक होतं, ते त्यानं तिला सांगितलं नाही. रोज सकाळी खोली उघडली की तानपुऱ्याच्या तबलीवर पांढरी धूळ असायची, पातळ, सारखी. पहिल्या दिवशी त्यानं गिरणीचं पीठ म्हणून पुसली. दुसऱ्या दिवशी बोटाला लावून चाखली. दाताखाली कचकचली. गादीची शिवण दोन्ही बाजूंनी धड होती. आणि धूळ गादीतून वर येऊन तबलीवर बसेलच कशी? ती वरून पडत होती. वर स्लॅब होता, त्याला दोन वर्षांमागं रंग दिलेला, एक चीर नाही. स्लॅबच्या वर गच्ची, आणि गच्चीवर काही नाही.

गादी उचलून गटारीत ओतावी असं त्याच्या मनात दहादा आलं. मग तो खर्ज छेडायचा. शुक्रवारी उज्वलाताई येणार, शनिवारी त्या लोकांसमोर बसणार, आणि ह्याच्याइतकं स्वच्छ वाद्य मिरजेतही निघालं नसतं. दोन दिवस कळ काढ, तो स्वतःला म्हणायचा.

५

एकदा चुकला होता म्हटलं, ते आता सांगायला हवं. त्यानं ते शिवानीलाही सांगितलेलं नव्हतं.

तो आठ वर्षांचा होता. आई माहेरी उदगीरला गेली होती. गणपती बुडवून आल्यावर बाप आणि तो अंगणात बाजेवर झोपले. अक्का आत झोपली, कारण चौदा वर्षांच्या पोरीनं अंगणात झोपायचं नसतं. पहाटे जमीन हलली, आणि बाजेवर उठून बसेपर्यंत समोर घर नव्हतं, मातीचा ढीग होता.

दिवस उजाडला तेव्हा बाहेरगावाहून माणसं आली, फावडी घेऊन. त्यातला एक उंच माणूस ढिगावर चढला, सगळ्यांना गप्प राहा म्हणाला आणि विचारलं, आतून कुणाला काही ऐकू येतंय का? बाप ढिगाजवळ नुसता बसून होता. मोठ्यांपैकी कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. महांतेश अनवाणी ढिगावर फिरला. तळपायाला लागलं. टक, टक, टक.

घराला दोन कोपरे होते म्हणा. एकीकडे जातं मांडलेलं, दुसरीकडे दिवळी, दिवा ठेवायचा कोनाडा. जात्याच्या कोपऱ्यावर ठोका मोठा लागत होता. दिवळीच्या बाजूलाही लागत होता, पण बारीक. तो क्षणभर मध्ये थांबला होता. हे क्षणभर थांबणं त्यानं जन्मभर कुणाला सांगितलं नाही. मग तो जात्याकडे गेला आणि म्हणाला, "इथं."

आठ माणसांनी तिथं दुपारपर्यंत खणलं. खाली जातं निघालं, आणि एक आडवी पडलेली तुळई. तुळईचं दुसरं टोक दिवळीकडे गेलेलं होतं. तिकडून लाकडानं ठोका इकडे आणून टाकला होता. दिवळीकडे खणायला घेतलं तेव्हा ठोके थांबले होते. अक्का दुसऱ्या दिवशी मिळाली.

लेकरू होतं, त्याला काय कळणार, असं सगळे म्हणाले. बाप तर शेवटपर्यंत एका शब्दानं बोलला नाही. महांतेशला वाटायचं, एकदा तरी बोलायला हवा होता.

मोठेपणी त्याच्या तोंडात ते वाक्य बसलं, ऐकू येतं तिथं खोट नसते. गिऱ्हाइकं त्याला उस्तादी म्हणून दाद द्यायची.

६

शुक्रवारी दुपारी तीनला, उज्वलाताई यायला तासभर राहिलेला असताना, महांतेशनं शेवटचे सूर लावायला घेतले. बाहेर कडक ऊन होतं. शिवानी समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. त्यानं दार ओढून घेतलं, सवयीनं.

पंचम लागला. जोडीच्या दोन्ही तारा लागल्या. खर्ज छेडला, आणि सुराच्या मागं काहीतरी वाजलं.

भणभण नव्हती ती. त्यानं तार बोटानं दाबून बंद केली. तरी ते वाजलं. टक, टक, टक.

पहिल्यांदा त्याला आला तो रागच. आता, तासभर राहिलेला असताना? त्यानं खुंट्या दाबून बघितल्या, मणी धरून बघितले, घोडीवर तळवा ठेवला. टक, टक, टक. भोपळ्याला कान लावला. भोपळ्यातून येत होतं, अगदी स्पष्ट, आतून कुणी नखानं वाजवावं तसं. पुरचुंडी सुटली असेल. त्यानं मागच्या भोकातून दोन बोटं आत घालून चाचपली. पुरचुंडी जागच्या जागी होती.

"ऐकू येतं तिथं खोट नसते," तो मोठ्यानं म्हणाला. ओठ हलल्याचं त्याला कळलं, पण शब्द काही कानाला पोचला नाही.

भोपळ्यात नाही. मग कुठं? त्यानं तानपुरा गादीवर निजवला आणि खोलीभर फिरला. भिंतीला कान लावला, फरशीला लावला, पलीकडच्या कोपऱ्यात शिसवी लाकडं रचून ठेवली होती तिथं जाऊन लाकूड न् लाकूड चाचपलं. तिथंही बारीक लागत होतं. सगळीकडेच लागत होतं. तो परत आपल्या जागेवर आला तेव्हा तानपुऱ्यावर धुळीचा थर होता, आणि त्याच्या हातावर, मांडीवर, पापण्यांवरही. हवेत एक वास आला. जुन्या घराचा, गार, चुलीच्या धुराचा.

आता पुरे, त्याला वाटलं. गेली मिरज खड्ड्यात. त्यानं दार ओढलं. दार आत उघडणारं होतं आणि हललंसुद्धा नाही. चौकटीच्या फटीतून पांढरं, बारीक काहीतरी आत येत होतं, दळण पडतं तसं. त्यानं भिंतीला पाय लावून ओढलं, मुठी मारल्या, शिवानीला हाक मारली. दाराला एक भोक होतं, त्यातून त्याला ती दिसली. दहा पावलांवर, ताटावर वाकलेली. तो नरडं फुटेस्तोवर ओरडला. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

त्या घटकेला त्याला जुन्या घरातला खांब आठवला, आणि नजर दाराच्या लाकडी चौकटीवर गेली. माती हाक गिळते. लाकूड ठोका पोचवतं. त्यानं पटाशी उलटी धरली आणि चौकटीवर मारली. तीनदा.

आतली टकटक थांबली.

तो कान देऊन उभा राहिला. परत आली नाही. वर कुणीतरी आल्याची चाहूल लागली की माणूस जसं गप्प होतं, तसं ते गप्प झालं होतं. आणि आता खोलीत ठोके मारणारा तो एकटाच होता.

७

मग गादीवरचा तानपुरा वाजला. कुणी हात लावला नव्हता. खर्ज एकदा गुणगुणला, थांबला, परत गुणगुणला. महांतेशनं वर बघितलं. स्लॅबवर पावलं होती. त्याला ती ऐकू येत नव्हती, पण एकेक पाऊल पडलं की तार थरारत होती. हलकी पावलं. अनवाणी.

त्यानं चौकटीवर ठोकलं. टक, टक, टक. तार गप्प झाली. वरचं पाऊल थांबलं.

ऐकतंय, महांतेशला कळलं. पोर ऐकतंय. कान तिखट आहे त्याचा. तो परत ठोकू लागला, सगळा जीव मनगटात आणून. तार थरारली, पावलं निघाली. त्याच्याच दिशेनं, बरोबर त्याच्या डोक्यावर यायला निघाली, आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

तिथं ती क्षणभर थांबली, आणि खाली तो क्षण सरता सरेना.

अक्कालाही हे कळलं असेल. खाली अंधारात, खांबाला हात लावून, तिला एकेक पाऊल कळलं असेल. आपला भाऊ आलाय, जवळ आलाय, मध्ये थांबलाय, हे तिला कळलं असेल, आणि तो कुठं गेला तेही. ह्या एका गोष्टीचा विचार त्यानं एवढ्या वर्षांत कधी होऊ दिला नव्हता.

"इकडं," तो ओरडला. "ऐकू येतं तिथं न्हाई रे. इकडं, दाराकडं." तोंडात माती गेली.

तार एकदा गुणगुणली. पावलं वळली. सावकाश, एकेक, ती त्याच्यापासून लांब गेली, शिसवी लाकडांच्या वरती, पलीकडच्या कोपऱ्यावर, आणि तिथं टेकली. महांतेशनं ठोकणं बंद केलं नाही. हात ठोकतच होता.

तानपुरा आता आपणहून घुमत होता, स्वच्छ, एक कण भणभण नसलेला, आणि त्या सुराच्या पोटात त्याला ढिगावरच्या त्या उंच माणसाचा प्रश्न ऐकू आला. मग आठ वर्षांच्या एका पोराचा आवाज, जो त्यानं कुठंही ओळखला असता.

"इथं."

आणि पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं तो नव्हता, तिथं फावडी पडायला लागली.